धोंड्याचं ताट

जावई पाटावर बसला आणि त्याने हात बांधून घेतले. पुरणाचे धोंडे गरम होते, त्यांच्यावर तुपाची धार सोडली होती, अनारशांची परात झाकून बाजूला ठेवली होती. आणि हा माणूस भिंतीकडे पाहत मला, सासूला, म्हणाला, "मी जेवत नाई, मामीजी."

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, कपडे करायचे, ऐपतीप्रमाणे चांदीचं काहीतरी हातावर ठेवायचं. माझ्या रेणूच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावयाने ताटावर रुसायचं हेही ठरलेलंच असतं. कोणी अंगठी मागतो, कोणी मोबाइल. सासरा हात जोडतो, सासू समजूत काढते, आजूबाजूच्या बाया हसतात आणि मग जावई जेवतो. माझ्या नवऱ्याने, श्यामरावांनी, त्यांच्या वेळी रेडिओसाठी ताट अडवलं होतं. माझ्या बापाने सायकल मारत भंडाऱ्याला जाऊन तो आणून दिला.

राजकुमारला अंगठी नको होती.

"तुमचे ते फंडातले पैसे काढा अन् माह्याकडून पॉलिसी घ्या," तो म्हणाला. "धोंड्याचा एवढाच मान द्या मले."

ते पैसे माझे आहेत. मी आठवडी बाजारात मुरमुरे आणि फुटाणे विकते, फुटाणे स्वतः भाजते. आठ वर्षांपूर्वी रेणू मोहाडीला कंप्युटरच्या दुकानात कामाला लागली, तेव्हा तिने स्वतःबरोबर माझ्याही नावाने इंडेक्स फंड सुरू करून दिला. महिन्याला हजार रुपये. मी तिला विचारलं होतं, कोणत्या कंपनीत टाकतेस?

"कोणत्याच एका कंपनीत नाई, माय. देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्या आहेत, साऱ्यांत थोडे थोडे. कोणती वर जाईन अन् कोणती बुडीन, कोणाले समजते? म्हणून निवडाचंच नाई."

मला ते लगेच पटलं. पावसाळ्यात ताडपत्रीवाला गल्ला मोजतो आणि कलिंगडवाला घरी बसतो. उन्हाळ्यात उलटं होतं. एखाद्या आठवड्यात पूर्ण बाजारच थंड असतो. पण पुढच्या आठवड्यात बाजार भरतोच. आपण एकाच दुकानाच्या भरवशावर राहायचं की साऱ्या बाजारात चिमूटभर वाटा घ्यायचा, हे तिथे जमिनीवर बसून जन्म काढणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि फंडाचा खर्च म्हणे वर्षाला हजारामागे दोन-तीन रुपये. तेवढ्यात तर बाजारात बसायची पावतीही फाटत नाही.

राजकुमार एका खाजगी विमा कंपनीचा एजंट आहे. जूनच्या आत ठरलेला धंदा करून दिला की कंपनी त्याला थायलंडला नेणार होती. आई, काका, मावशा, शाळेतले मित्र, सगळ्यांना त्याने पॉलिसी विकून झाल्या होत्या. नातेवाईक संपले. उरली सासू.

"पैसा सेफ पायजे, मामीजी. शेअर बाजार म्हणजे सट्टा आहे. लॉकडाऊनमंधी हजाराचे सहाशे झाले होते का नाई?"

"झाले होते. मी रडली बी होती. पण काढले नाई. मंग वापस आले का नाई?"

"आले. उद्या पुन्हा पडले त?"

"पडतीन. मले कोठी उद्या पायजेत? माहे गुडघे बसाचे बंद झाले का तवा पायजेत."

ही माझी खरी भीती आहे. बाजारात खुर्ची टाकून धंदा होत नाही. ज्या दिवशी जमिनीवर बसणं जमणार नाही, त्या दिवसापासून आम्हा दोघांना त्याच पैशांवर जगायचं आहे. कोणाच्या दारात उभं राहायचं नाही.

"तुमची पॉलिसी कितीची आहे?" मी विचारलं.

"वर्षाले दीड लाख."

फंडात दीड लाखाच्या थोडे वर होते. ते त्याला माहीत होतं.

"म्हणजे आठ वर्षांचं सारं पहिल्याच हप्त्यात गेलं. अन् पुढच्या वर्षी दीड लाख कोठून आणू? मुरमुरे विकून?"

"पुढचं पुढं पाहू ना. मी आहो."

हे "मी आहो" मी आधी ऐकलं होतं. शेजारच्या शकुनबाईचा नवरा गेला तेव्हा त्याच्या नोकरीचे पैसे तिच्या हातात आले. लग्नानंतर राजकुमार पहिल्यांदा गावात आला, तेव्हा तिने त्याला जेवायला बोलावलं, टॉवेल-टोपी केली. एका घरचा जावई तो पूर्ण गावाचा जावई. त्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. याने तिथेच, जेवणाच्या पानावर बसून, पॉलिसीच्या कागदावर तिची सही घेतली. पहिला हप्ता गेला. दुसरा भरायला पैसा कुठून आणणार? पॉलिसी बंद पडली आणि तिच्या हातात जवळपास काहीच आलं नाही. ती फोन करायची, हा उचलायचा नाही. आणि ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शकुनले बी असंच म्हणले होते तुम्ही," मी म्हणाले.

"तिनं हप्ता नाई भरला त मी काय करू? कंपनीचा नियम आहे."

"सही घेतानी सांगतला होता नियम?"

त्याचा चेहरा उतरला नाही, उलट आवाज चढला. "मामीजी, चाळिशीत अ-आ शिकलेल्या बाईनं मले शेअर बाजार शिकवू नये. मामाजी, तुम्हीच समजवा आता."

मी तुपाचं भांडं खाली ठेवलं. हातात राहिलं असतं तर ते त्याच्या डोक्यावर गेलं असतं. अक्षरं मी रेणूच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले, चुलीपुढे बसून. त्याची लाज मला कधी वाटली नाही. पण माझ्याच घरात, माझ्याच पाटावर बसून, माझेच पैसे मागत हा मला ते सुनावतो?

श्यामराव दारातून हळूच म्हणाले, "अवो, देऊन टाक. पोरीचा संसार आहे."

"तुमचे आहेत का ते? भट्टीपाशी तुम्ही बसत होते?"

"मी कोठी म्हणलो माहे आहेत? जवाई उपाशी उठीन त गाव काय म्हणन?"

"शकुनचे पैसे गेले तवा गाव काय म्हणलं होतं?"

राजकुमारने ताट बोटाने थोडं पुढे सरकवलं. "ठीक आहे. नका देऊ. मंग रेणूले राहू द्या अठीच. तुमचा फंडच पोसन तिले."

रुसव्याच्या खेळात असं बोलत नाहीत. श्यामरावांनी डोळे मिटून घेतले. मी खरं सांगते, मी घाबरले. पोर परत पाठवली तर काय काय ऐकावं लागतं ते मी दुसऱ्यांच्या घरात पाहिलं आहे. मी कमरेचा मोबाइल काढला.

"शाब्बास," तो म्हणाला. "पैसे काढाची विनंती मी टाकतो. एक मेसेज येईन, त्यातला नंबर सांगा फक्त. दोन मिनिटाचं काम."

रेणू स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आल्यापासून ती धड बोलली नव्हती. मी तिला म्हणाले, "रेणू, हे तूच सुरू करून देल्लं होतं. तूच सांग. तुहे पैसे आहेत ना अजून फंडात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"नाई, माय. दिवाळीतच निघाले."

"कायले?"

"ह्यायचं टारगेट होतं. तवा बी असंच म्हणत होते, मायच्या घरी नेऊन सोडतो." तिने तांब्या खाली ठेवला. "पहिल्या हप्त्यातून शंभरातले तीस ह्यायले कमिशनचे भेटतेत. मी कागद पाहिले मंग. तू नंबर देऊ नको."

"घरातल्या गोष्टी अठी कायले बोलून राहिली?" राजकुमार ओरडला.

"हे बी माहं घरच आहे," रेणू म्हणाली.

लग्नाआधी माझी ही पोर रोज मोहाडीला बसने जायची, येताना भाजी आणायची आणि उरलेलं फंडात टाकायची. ते सगळं याने आपल्या टारगेटपायी घालवलं, आणि वरून तिच्याच नावाने मला धमकी देत होता. माझी भीती गेली. डोकं तापलं. मी मोबाइल बंद करून परत कमरेला खोचला.

"उठा, जवाईबापू."

"काय?"

"जेवत नाई म्हणले ना? मंग ताट कायले अडवता? उठा पाटावरून."

त्याला वाटलं मी अजून खेळात आहे. तो हसला, उठला, बॅग खांद्याला लावली, चपला घातल्या आणि बाहेर गेला. रुसलेला जावई दारापर्यंत जातो, सासरा मागे धावतो आणि त्याला हाताला धरून परत आणतो. श्यामराव चपला शोधू लागले.

"बसा खाली," मी म्हणाले.

"अवो, पण..."

"तुम्ही गेले त मी ह्या घरात भट्टी पेटवणार नाई."

ते बसले.

बाहेर ऊन असं होतं की अंगणातली कोंबडीसुद्धा रांजणामागे दडली होती. राजकुमारची मोटारसायकल सकाळपासून उन्हात उभी. तो सीटवर बसला आणि चटका लागून तसाच उठला. आमच्या दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. रुमाल टाकून पुन्हा बसायला गेला, पुन्हा उठला. परत दाराकडे पाहिलं. आता घरात यावं तर मान जातो आणि निघावं तर बसता येत नाही.

शकुनबाई तिच्या ओसरीवरून हे सगळं पाहत होती. आमच्या भिंती काही जाड नाहीत, बोलणंही तिने ऐकलंच असणार. ती आत गेली, बादली घेऊन आली आणि त्याच्या सीटवर शांतपणे पाणी ओतलं. एक तांब्या, दुसरा तांब्या. मग पदराने सीट पुसली.

"बस आता," ती त्याला म्हणाली. "अन् जाय."

गावाच्या जावयाला आमच्या गल्लीत कोणी एकेरी बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो बसला. गाडी सुरू झाली आणि मोहाडीच्या रस्त्याला लागली.

मी घरात वळले तर रेणू पाटावर बसली होती, जावयाच्या ताटासमोर. तिने धोंडा मोडला आणि खाऊ लागली. मोठे मोठे घास, सकाळपासून उपाशी असल्यासारखे. उपाशीच होती.

"तूप थिजलं, माय."

मी तूप कोमट करून वाढलं. श्यामराव मान खाली घालून म्हणाले, "आता पुढं काय?" मला त्यांचाही राग येत होता. मी दारातून शकुनला हाक मारली आणि तिच्यासाठी ताट केलं. जावयासाठी तळलेले अनारसे परातीसकट तिच्यापुढे सरकवले. ती एकही घेत नव्हती, तेव्हा मीच तिच्या पदरात टाकले. तिचे पैसे एवढ्याने परत येत नाहीत. रेणूचेही येणार नाहीत. हे लिहितानाही माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

रेणूने हात धुतले, पदराला पुसले.

"माय, मोबाइल दे."

"कायले?"

"मोहाडीच्या दुकानवाल्याले फोन लावतो. काम आहे का विचारतो."

मी कमरेचा मोबाइल काढला आणि तिच्या हातात दिला.