चिठ्ठीवरची बाजू

स्पर्धेतून कोंडाजीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. पहिलं बक्षीस मिळालं तर आकुर्डीच्या कंपनीतली बदली वॉचमनची नोकरी कायम होणार होती. तसा शब्द लेबर ऑफिसर अण्णासाहेबांनी दिला होता. आणि भर सभेत भैरूचं नाव घेता येणार होतं. द्यायचं काय, तर पाच मिनिटांचं भाषण. सौदा फायद्याचाच.

त्र्याहत्तरचा मे. पिंपरीच्या कामगार सभागृहात वादविवाद स्पर्धा होती. विषय : 'सिमला करारात हरलेल्या देशाला न्याय मिळाला का?' कोंडाजी आणि भैरू एकाच पलटणीतले. वाळवंटातली एक चौकी घेताना भैरू गेला, कोंडाजीचा गुडघा गेला. करार झाल्यावर ती चौकीही परत गेली. शत्रूला न्याय अंमळ जास्तच मिळाला, हे कोंडाजी गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. आज तर महाळुंग्याहून भैरूच्या आईला, सोजरबाईला, मुद्दाम आणून त्याने पुढच्या रांगेत बसवलं होतं.

पण बाजू चिठ्ठीवर ठरते, हे त्याला मंचावर गेल्यावर कळलं. चिठ्ठी निघाली : 'न्याय मिळाला नाही.'

"साहेब, ही उलटी आली. बदलून द्या."

"बदलून द्यायला हे काय रेशनचं दुकान आहे?" मंचाच्या कडेवरून अण्णासाहेब कुजबुजले. "दणकून बोल. बक्षिसाची ढाल कंपनीत आली पाहिजे."

"पन पुढं म्हातारी बसलीय."

"म्हातारी परीक्षक आहे का?"

कोंडाजी आधी चाचरला. मग त्याला लष्करी इस्पितळातून परतताना पाहिलेली युद्धकैद्यांची आगगाडी आठवली. खिडकीतून एक जण पाणी मागत होता. अगदी भैरूच्या वयाचा.

"जमीन परत दिली, मानसं न्हाई दिली! सह्या करणारे आपापल्या घरी जेवत्यात. आन ज्यानं हुकमानं बंदूक उचलली, हुकमानंच खाली ठेवली, तो दीड वरीस तारंच्या आत. त्याचं पोर चालाय लागलं आसंल, त्यानं बघितलंय का? ह्यो न्याय?"

"आला बघा पाकिस्तानचा वकील!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला, पण टाळ्याही पडल्या. बोलणं आतून आलं होतं, हीच पंचाईत. या बाजूत भैरूला कुठे बसवावं ते सापडेना, तोवर घंटा झाली.

ढाल मिळाली. "सोमवारी ऑर्डर घेऊन जा," म्हणत अण्णासाहेबांनी पाठ थोपटली.

एसटीच्या थांब्यावर सोजरबाई रस्त्याकडे बघत उभी होती.

"मावशे, चिठ्ठीच तशी निघाली. माझ्या हातात काय व्हतं?"

"त्यांची पोरं त्यांच्या घरी जावीतच की," ती म्हणाली. "वंगाळ न्हाई बोललास तू. पन माझ्या पोराचं नाव घिऊ नको, आसं बी चिठ्ठीत लिवलं व्हतं व्हय?"



तिच्या गावाकडची, चाकणची गाडी आली. कंडक्टरपुढे त्याने नेहमीसारखे दोघांचे पैसे धरले. सोजरबाईने त्याचा हात हलकेच बाजूला सारला, पदराची गाठ सोडली आणि आपलं तिकीट आपणच काढलं.