पाइप कोण धरणार?

चिमी नावालाच चिमी. लग्न झालं, दोन पोरं झाली, बापाबरोबर नळकामात हाडं झिजवून बाई चाळिशीला टेकली, तरी बापाच्या लेखी ती शेजारच्या सीटवर बसून पाइप धरणारी पोरच. पिकअपच्या टपावर लांबलचक लोखंडी पाइप टाकायचे, दोरीने कसेबसे आवळायचे आणि चिमीने खिडकीतून हात बाहेर काढून ते धरून ठेवायचे, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. घसरले असते तर पाइप चिमीला घेऊनच गेले असते. पण बापाला सांगणार कोण?

हल्ली तिचा जीव टांगणीला लागला होता तो पाइपांपायी नव्हे. बापाची नजर अधू झाली होती. गतिरोधक त्याला गाडी आपटल्यावर दिसायचा, आणि परवा तर रस्त्याकडेच्या कचरापेटीला त्याने हॉर्न दिला, बाजूला हो म्हणून. चिमीला गाडी उत्तम यायची. पण स्टीअरिंग मागितलं की बापाचं एकच पालुपद, मग पाइप कोण धरणार?

शेवटी तिने ही धरायची भानगडच मिटवायचं ठरवलं आणि वेल्डरमामाला गाठलं. हा आईचा सख्खा भाऊ, आणि बापाचा त्याच्याशी छत्तीसचा आकडा. टपावरचं जुनं कॅरिअर अगदीच आखूड होतं. मामाने हौद्याच्या मागच्या टोकाला तेवढ्याच उंचीची कमान उभी केली, दोन्हींना जोडणारे लांब अँगल टाकले आणि पाइपांवरून लोखंडी पट्ट्या घालून नट-बोल्टने आवळायची सोय केली. पाइप चढवून त्याने बोल्ट असे पिळले की कपाळाच्या शिरा उभ्या राहिल्या.

बापाने येऊन कॅरिअरला लोंबकळून पाहिलं, कमानीला लाथ घातली, खोट काढायला जागा शोधली. सापडेना. मग तोंड वाकडं करून म्हणाला, बरं झालंय. दाजींकडून जन्मात पहिल्यांदा मिळालेली ही शाबासकी, मामाची छाती फुगली. चिमीने संधी साधली.

"आता धरायची गरज नाही, बाबा. तुम्ही निवांत बसा, गाडी मी घेते."

"गरज नाही ना? मग तू घरी बस. मी एकटा जातो."

घ्या! आगीतून उठून फुफाट्यात. बाप किल्ली घेऊन निघालासुद्धा आणि दाराचं हँडल हाताने चाचपडून शोधू लागला. ते बघून तिला रडूच यायचं बाकी राहिलं. तिने मनातल्या मनात मामाची माफी मागितली.

"पण बाबा, वेल्डिंग मामाचं आहे. भरवसा काय?"

मामाने तोंड उघडलं, तोच चिमीने त्याच्या पायावर टाच रोवली. बाप थबकला. मेव्हण्याविषयी काहीही वाईट सांगा, त्याला लगेच पटायचं. मग तू धर, असं तो म्हणाला, तर चिमी म्हणाली, माझ्या हातात कुठला एवढा जोर, मनगट लागतं तुमच्यासारखं. बाप डोळे बारीक करून तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग किल्ली तिच्या हातावर टेकवून शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

वाटभर त्याने पाइप सोडला नाही. वळण आलं की दातओठ खायचा, आणि चौकात जो दिसेल त्याला, ओळखीचा असो नसो, ओरडून सांगायचा की मी धरलंय म्हणून थांबलंय. चिमी मान डोलवायची आणि गाडी हाकायची. कितीतरी दिवसांनी तिचा जीव थाऱ्यावर होता.

कामाच्या जागी बोल्ट सुटता सुटेनात. मुकादम आणि दोन गडी पान्याला लटकले, हातोडी आणली, घामाघूम झाले. बापाने सगळ्यांना ऐकवलं, बघा, कसं घट्ट धरलं होतं मी. चिमी हो बाबा म्हणाली.

पाइप उतरले, कॅरिअर रिकामं झालं आणि तिच्या ध्यानात आलं, परतीला धरायला काहीच नाही. आता बाप किल्ली मागणार, आणि तिच्याजवळ दुसरी थाप नव्हती. किल्ली मुठीत आवळून ती स्टीअरिंगच्या बाजूला उभी राहिली. बाप गाडीच्या अंगाला हात लावत लावत आला, तिच्या समोरून गेला, बोनेटला वळसा घालून पलीकडे बसला. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने रिकामा अँगल मुठीत धरला.

"चल," तो म्हणाला. "मी धरलंय. रस्ता तेवढा तू बघ."