चंद्र कुठल्या हाताला

परीक्षक महाशय, तुम्ही चुकीला पहिलं बक्षीस दिलंत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही!

कॅम्प तीनपासून अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षात कमलेशने हे वाक्य दहा वेळा घोळवलं. जीन्सच्या खिशांवर छपाई करून पोट भरणारा माणूस तो. उरल्या वेळात लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पाटीवर, ठसा कोरून चित्रं छापायचा. यंदा अंबरनाथच्या प्रदर्शनाला त्याने आईचा चौक दिला होता. त्याची आई सगुणाबाई लग्नघरी नवरा-नवरीला बसवायला तांदळाच्या पिठाने काढते तो. चौकोन म्हणजे घर, त्रिकोण म्हणजे माणसं, उजवीकडे सूर्याचं वर्तुळ, डावीकडे चंद्राची कोर.

कात्रपची शलाका, कॉलेजात चित्रकला शिकलेली, तिनेही तोच चौक लिनोवर कोरून, छापून दिला. तीन दुपारी ‘मावशी, मावशी’ करत सगुणाबाईजवळ बसून शिकली होती.

आता छाप उलटा उमटतो, म्हणून उलटं कोरायचं, एवढं तर खिसे छापणाऱ्यालाही कळतं. शलाका सरळ कोरून बसली. चंद्र गेला सूर्याच्या जागी. तरी पहिलं बक्षीस तिलाच, आणि चित्राखाली परीक्षकांची चिठ्ठी: ‘स्त्रीने उलटवलेलं विश्व!’ कमलेशचं चित्र पंख्यामागच्या भिंतीवर. शेरा, ‘पारंपरिक.’

“मुद्दाम केलंस?” त्याने तिला गाठलं.

“कसलं मुद्दाम! उलटं कोरायचं विसरले रे. परीक्षक सर एवढे बोलत सुटले, मी कशाला तोंड उघडू? तू पण गप बस हां!” ती खळखळून हसली. त्या हसण्याने तो आतून जळला.

रविवारी त्याने प्रदर्शनात आईलाच आणून उभं केलं. कुठलं चित्र कुणाचं ते सांगितलं नाही. “आये, बरोबर कुठला?”

तिने त्याच्याच चित्रावर बोट ठेवलं. कमलेशची छाती फुगली. आता परीक्षकाला धरतोच!

पण म्हातारी शलाकाच्या चित्रापुढे गेली ती तिथंच खिळली. हवेत बोटांनी पीठ सोडावं तशी रेघ ओढू लागली. ओठांत लग्नाचं गाणं.

“आये, तो चुकलाय! चंद्र बघ ना!”

“मना दिसतं. आंधली हाय का मी?” तिने मान वळवली नाही. “तुजा बरोबर हाय रं. पन नवरा-नवरी बसवावी तर ह्याच्यावं.”

तुजा, म्हणाली. म्हणजे ओळखलं होतं तिने.

परीक्षक, बक्षीस, पंख्यामागची भिंत, सगळं एकदम फालतू झालं. त्याने आईचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं.

“तुझाच चौक ना तो? जन्मभर बघून काढला मी. तिने तीन दुपारी! मग माझ्या चौकावर कुणाला बसवावंसं का वाटत नाही तुला? आत्ता सांग, आये. इथंच सांग.”