अडतीस ओहमचा बल्ब

रंजिताने कराडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि नंतर सांगलीत दोन वर्षं नोकरीही. मग लग्न झालं, शैलेंद्रला दुबईत काम मिळालं, शारजात अल मजाजला बिऱ्हाड थाटलं, अलिशा झाली. आता अलिशा शाळेत जाऊ लागली होती आणि सकाळी घर असं शांत व्हायचं की रंजिताला करमेना. इंडस्ट्रियल एरियात हीटर बनवणाऱ्या एका कारखान्याला टेस्टिंगसाठी माणूस हवंय, असं कळताच तिने अर्ज टाकला. मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मात्र ती घाबरली.

"सगळं विसरलेय रे मी. ओहमचा नियम सोडला तर काही आठवत नाही."

"मग तोच पक्का कर," शैलेंद्र म्हणाला. तो दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात अकाउंट्स बघायचा. विजेतलं त्याला बटण दाबण्यापलीकडे काही कळत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी येताना त्याने सॉकेटला लावायचं एक छोटं मीटर आणलं. किटली, इस्त्री, काहीही त्यात खोचलं की व्होल्टेज आणि करंटचे आकडे दिसत.

त्या आठवड्यात घरातल्या एकाही वस्तूची सुटका झाली नाही. चहाचं पाणी ठेवलं की शैलेंद्र आकडे वाचायचा. "दोनशे तीस व्होल्ट, आठ अँपिअर. बोला मॅडम!"

"गुणिले केलं की पॉवर, अठराशे चाळीस वॉट. भागिले केलं की रेझिस्टन्स, जवळजवळ एकोणतीस ओहम."

"म्हणजे रेझिस्टन्स वाढवला की पाणी लवकर उकळेल ना? विरोध जास्त, तर घर्षण जास्त."

"उलट! व्होल्टेज तेवढंच आहे ना? विरोध वाढला की करंट कमी. करंट कमी की पॉवर कमी. तुझा चहा तासाभराने मिळेल."

"मम्मा, यू आर शाउटिंग," अलिशा सोफ्यावरून म्हणाली.

रंजिता हसली. आपला आवाज चढलाय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव एमान. पन्नाशीच्या, मूळच्या अलेक्झांड्रियाच्या, टेस्टिंग विभागाच्या प्रमुख. त्यांनी रंजिताची फाइल उघडलीसुद्धा नाही. तिला सरळ टेबलापाशी नेलं. तिथे लाकडी पाटावर जुन्या पद्धतीचा, तारेचा एक बल्ब बसवलेला होता.

"पेटवा आणि काय ते सांगा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

रंजिताने प्लग लावला. बल्ब पिवळाधमक पेटला. टेबलावरच्या मीटरवर दोनशे तीस व्होल्ट आणि शून्य पॉइंट त्रेचाळीस अँपिअर. घरच्या सवयीने उत्तर आपोआप आलं. "पॉवर साधारण नव्याण्णव वॉट. रेझिस्टन्स पाचशे पस्तीस ओहम."

"छान. आता बंद करा आणि रेझिस्टन्स मोजूनच दाखवा." रंजिताने प्लग काढला. एमान फोनवर कुणाशी तरी बोलायला बाहेर गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. मग रंजिताने प्लगच्या दोन पिनांना मीटरच्या सुया टेकवल्या.

अडतीस ओहम.

तिने सुया पुसल्या, पुन्हा टेकवल्या. अडतीसच. कुठे पाचशे पस्तीस आणि कुठे अडतीस! एमान हाताची घडी घालून बघत होत्या. मीटर बिघडलंय असं म्हणावं, की आपलंच गणित चुकलं म्हणावं?

"मला जरा बोलत बोलत विचार करू द्या," रंजिता म्हणाली. "समजा, हे अडतीस खरे. मग दोनशे तीस भागिले अडतीस, म्हणजे सहा अँपिअर. चौदाशे वॉट! एवढ्याशा बल्बमधून इस्त्रीएवढी पॉवर? शक्यच नाही. पण मीटरही खोटं बोलत नाहीये." ती बल्बकडे बघत राहिली. मघाशी तो पेटलेला होता. आता काळा, गार होता. "थांबा. हा गार आहे! पेटल्यावर तार तापते, आणि तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक गार बल्बचा, एक गरम बल्बचा."

"दाखवा," एमान म्हणाल्या.

रंजिताने बल्ब पुन्हा पेटवला, चांगला तापू दिला. मग झटकन प्लग उपटला आणि पिनांना सुया लावल्या. मीटरवर नव्वदच्या वर काहीतरी दिसलं, लगेच सत्तर, पन्नास, बेचाळीस... आकडे भराभर उतरत अडतीसवर येऊन बसले.

"बघा! निवतोय तो!" ती जवळजवळ ओरडली, आणि मग जीभ चावली.

एमान खळखळून हसल्या. "सकाळपासून तिघांनी माझं मीटर बिघडलंय म्हणून सांगितलं, हबीबती. एकाने तर बल्बलाच शिव्या दिल्या." त्यांनी खुंटीवरचा निळा कोट काढून तिच्या हातात दिला. "नोकरी तुमची. आणि आज माझा माणूस आलेला नाही, सहा हीटर तपासायचेत. थांबाल?"

"आत्ता?"

"यल्ला, चला!"

कोट ढगळ होता. रंजिताने बाह्या दुमडल्या आणि कामाला लागली. आकडे घ्यायचे, गुणायचे, भागायचे, पुढचा हीटर. फोन पर्समध्ये पडून राहिला. अलिशाला शाळेतून आणायला शेजारच्या अन्वरीभाभींना सांगून ठेवलं होतं, तेवढीच काळजी मिटली होती.

ती घरी पोचली तेव्हा शैलेंद्र आधीच आला होता. रंजिता फोन उचलत नाही, म्हणजे मुलाखत वाईट झाली, असं धरून तो अर्धी सुट्टी टाकून आला होता. टेबलावर कुनाफ्याचा, चीज भरलेल्या अरबी मिठाईचा, खोका होता.

"बस," तो हळू आवाजात म्हणाला. "काही बोलू नकोस. त्यांचंच नुकसान आहे. अशा छप्पन्न नोकऱ्या मिळतील. तू आधी गोड खा."

रंजिता सांगणारच होती, पण तो इतक्या मनापासून समजूत घालत होता, की तिला थांबवावंसं वाटेना. त्याने तिच्यासाठी मोठा तुकडा कापला, वर पाक ओतला. तिने दोन घास खाल्ले. चीज अजून गरम होतं.

अलिशा तिच्याकडे निरखून बघत होती. "बाबा, शी इज स्मायलिंग."

शैलेंद्रचा हात हवेतच थांबला. "मिळाली?"

"सोमवारपासून," रंजिता तोंडातला घास गिळत म्हणाली. "खरं तर आजपासूनच. आणि मला अजून एक तुकडा दे."