समोर कोणीतरी हवं

मित्रांनो, माझ्या डाव्या चाकाला गंज चढलाय, बैठकीच्या पट्टीला ठिगळं आहेत, आणि पाठीवर झेंडूचा एक पिवळा डाग आहे, तो काही केल्या जात नाही. तरी मला भंगारात काढू नका बरं का! मी चाकांची खुर्ची आहे खरी, पण दवाखान्यातली नव्हे. मी टेनिस खेळलेली खुर्ची आहे.

ऐंशी सालच्या सुमारास तुर्भ्याच्या सीताराम वेल्डरने मला घडवलं. पाण्याच्या पाइपाचा सांगाडा आणि सायकलची चाकं. ती त्याने खालून थोडी फाकवली, म्हणजे गर्रकन वळताना मी कलंडू नये. मला बनवून घेतलं नंदकुमार सरांनी. ते वाशीच्या नव्या क्लबचे चिटणीस, माणूस मोठा हौशी. माझ्यावर बसणार होती वाशीगावची गोजरा. लहानपणी तापात तिचे पाय गेले होते. नव्या शहरासाठी तिच्या वडिलांचं भातशेत गेलं आणि त्याच शेतावर क्लबचं कोर्ट झालं. ती रोज कुंपणाशी बसून खेळ बघायची. मी घडण्याआधी एकदा सरांनी तिला साधी खुर्ची देऊन जवळून बघायला बोलावलं, तर म्हणाली, "बगाचा नाय मना. खेलाचा हाय."

आणि खेळली की हो! आमच्या खुर्चीवरच्या टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे चालतात, पण गोजराला दुसरा टप्पा क्वचितच लागायचा. मुंबईहून, पुण्याहून खेळाडू यायचे आणि घामाघूम होऊन परत जायचे. घरात कप इतके झाले की तिची आई चांगुणाबाई त्यांत वाल भिजत घालायची. काय माझा तोरा सांगू तेव्हा!

पण सारखं जिंकणाऱ्याजवळ हळूहळू कोणी बसेनासं होतं. खेळाडू नाव द्यायचे आणि गोजराशी गाठ आहे कळलं की मागे घ्यायचे. "तूच जिंकणार, मग आम्ही कशाला यायचं?" असं एकीने तोंडावर सांगितलं. एका वर्षी तर अंतिम सामन्याला समोर कोणी आलंच नाही. एकही चेंडू न मारता पंचांनी गोजराला विजेती ठरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि घरी गेले. मग ती क्लबच्या मागच्या भिंतीशी जाऊन चेंडू मारू लागली. भिंत प्रत्येक चेंडू परत द्यायची, पण कधी हसली नाही की चिडली नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला क्लबात तिचा सत्कार झाला. त्या दिवशी आपल्याकडे अवजारं पुजतात, तशी माझीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं झालं. सर म्हणाले, "ही खुर्ची आपल्या क्लबची शान! आजपासून ती काचेच्या कपाटात राहील." आणि गोजराला त्यांनी नवी चकचकीत खुर्ची दिली. अहो, ती दवाखान्यातली होती, जड आणि सरळ चाकांची! पण शाल अंगावर, नारळ ओटीत, समोर सगळं गाव. नको कसं म्हणणार ती?

नव्या खुर्चीवर ती दोनदा कलंडली आणि मग यायचीच बंद झाली. लोक म्हणाले, गोजरा निवृत्त झाली. मी कपाटात. दर खंडेनवमीला ताजी माळ मिळायची, पण चाकांत हवा भरायचं कोणाला सुचत नव्हतं. मला तिची फार आठवण यायची. इतकी माणसं मला बघून जायची, पण बसणारं कोणी नव्हतं.

पुढे एका खंडेनवमीला गोजराला पाहुणी म्हणून बोलावलं. त्याच नव्या खुर्चीवरून ती आली. तिथे सुमेधा नावाची बँकेतली मुलगी भेटली. अपघातात पाय गमावलेली, साध्या बाकावर बसून होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मला शिकवाल?"

गोजरा म्हणाली, "शिकवाचा मना येत नाय. समोर बसशील?"

"मी हरेन हो."

"हर की! पन बस तरी."

आणि तिने कपाट उघडायला लावलं. सर गडबडले, "अगं, आज पूजा झालीय, आज हिला हलवायचं नसतं!"

"सर, खुरची हाय ती, देव नाय. हवा भरा चाकात."

माझी माळ उतरली. पण मित्रांनो, गोजराने माझ्यावर सुमेधाला बसवलं! स्वतः त्या जड खुर्चीवरच राहिली. फार वाईट वाटलं मला. मग मला जाळीपलीकडे ढकललं आणि मी पहिल्यांदाच गोजराला समोरून पाहिलं. इतकी वर्षं मला फक्त तिची पाठ ठाऊक होती. खेळताना तिचा चेहरा कसा दिसतो, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

सुमेधा चुकत होती, हरत होती. पण एक चेंडू तिने असा कोपऱ्यात टाकला की गोजरा तिथवर पोचलीच नाही. दोन टप्पे पडले, तिसराही पडला. आपण दिलेल्या जड खुर्चीकडे बघून सर ओशाळले. गोजरा चेंडूकडे बघत राहिली आणि एकदम खदखदून हसली. तिचं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"ए पोरी," ती ओरडली, "पुना मार!"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्यातलं कोणी सारखं जिंकत असेल, तर नुसती माळ घालून घरी जाऊ नका. थोडा वेळ त्याच्या समोर बसा. हरलात तरी चालेल.