वजन कुठून काढलं

नाही

हीटर नाही. रेडिओ नाही. मागची सीट नाही. दारांच्या आतला, आवाज दाबणारा डांबरी थर नाही. पुढचे पत्रे, बॉनेट, बंपर सगळं ॲल्युमिनियमचं. रेलून उभं राहायचं नाही, कोपर टेकलं तरी पोचा पडतो. चॅसीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही लांब तुळयांना कंपनीतूनच भोकं पाडून आलेली, मनगट आत जाईल एवढी.

दुकानाच्या काचेमागे ठेवतात तशीच दिसते ही गाडी. काम मात्र एकच. पाव मैल, सरळ, दुसऱ्याच्या आधी.

आणि काझ नाही.

काझ माझा नवरा. टिलरींच्या शोरूमचा मुख्य मेकॅनिक, आणि परवापरवापर्यंत या गाडीचा ड्रायव्हर. भरतो दोनशे वीस पौंड. एके दिवशी टिलरी गाडीभोवती फिरत होते, आता आणखी काय काढता येईल म्हणून, आणि त्यांची नजर काझच्या पोटावर येऊन थांबली.

"तुझी बायको किती भरते रे?"

"एकशे अठरा," काझ म्हणाला.

मला विचारलं नव्हतं. त्या दोघांनी माझं वजन केलं, माझ्या पाठीमागे, बटाट्यांसारखं.

पण मी हो म्हटलं

हो म्हटलं, कारण मला गाडी चालवायची होती. लग्नाआधी वुडवर्ड रस्त्याच्या सिग्नलवर मी काझला तीनदा मागे टाकलंय. चौथ्यांदा त्याने शर्यत लावायच्या ऐवजी नाव विचारलं. त्यानंतर सहा वर्षं मी शर्यतीच्या स्ट्रिपच्या कुंपणाला नाक लावून उभी. "या वर्गात बायका नाहीत," ऑफिसातला माणूस म्हणायचा, "तुमच्याच भल्यासाठी."

या वसंतात त्याने माझ्या अर्जावर सही केली. आणि त्याच महिन्यात कंपनीने शर्यती बंद केल्या. वरून हुकूम आला: हलक्या गाड्या बनवायच्या नाहीत, सुटे भाग द्यायचे नाहीत. आमच्याकडे होती ती एकच, तिच्या जागी दुसरी मिळणार नव्हती. मोडली की संपलं.

म्हणजे माझ्या वाट्याला एवढंच. ही गाडी, हा रविवार. सकाळी चर्चमध्ये मिसेला गेले तेव्हा गुडघ्यांवर बसून मी गिअर बदलत होते.

काटा

स्ट्रिपवर आधी वजन होतं. गाडी, पेट्रोल, ड्रायव्हर, हेल्मेट, सगळं एकत्र. आमच्या वर्गाला किमान वजन ठरलेलं आहे. त्याखाली गेलात तर वजन भरल्याशिवाय पळायचं नाही.

मी काट्यावर गाडी घातली. थंडी इतकी की श्वासाने आतून काच धुरकटली, आणि हीटर कुठे आहे, आठवतंय ना.

काट्यावरचा माणूस वाकला. पुन्हा वाकला.

"ऐंशी पौंड कमी, बाई."

बाहेर टिलरींनी टोपी हवेत उडवली. हर्शेलने शीळ घातली. हर्शेल म्हणजे टिलरींचा फोरमन, केंटकीचा, दात कमी आणि विनोद जास्त. काझ नुसता हसत होता. तिघंही आनंदात. मुलगा झाल्यासारखे.

मी मात्र दार उघडून खाली उतरले. ही गाडी मी मागच्या आठवड्यात तोलली होती. तेव्हा इतकी कमी नव्हती.

"कुणी काढलं?" मी विचारलं.

आता एक गोष्ट. आमच्या धंद्यात वजन कुठून काढलं ते सांगत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला नाहीच, पण जोडीदारालाही नाही. बाप मुलाला सांगत नाही. ज्याची भोकं त्याचं गुपित.

म्हणून तिघांनी आधी आकाशाकडे पाहिलं. मग आनंद पोटात मावेना.

हर्शेल: मी थोडी पाडली. कंपनीच्या दोन भोकांच्या मधे मधे. जागा रिकामीच होती की, बाईसाहेब.

काझ: (हसू थांबलं) कुठे?

हर्शेल: मागच्या चाकाच्या वर. तुळईला. का?

काझ: मीपण तिथेच पाडली.

टिलरी: वा! दोघांचं डोकं एकच!

काझ: कधी पाडलीस तू?

हर्शेल: मंगळवारी. तू?

काझ: गुरुवारी. मला वाटलं, सगळी कंपनीचीच आहेत. कंपनीने पाडलीत म्हणजे हिशोब करूनच पाडली असणार, म्हणून मी माझी त्यांच्यामधे...



चिखलात

मी पाठीवर गाडीखाली गेले. नवा पांढरा ओव्हरऑल, पाठीवर टिलरींचं नाव शिवलेलं. गेलं ते चिखलात, बरं झालं.

तुळई राहिलीच नव्हती. जाळी होती. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत केसाएवढी चीर, तिथून तिसऱ्यापर्यंत. नख घातलं. नख आत गेलं.

आणि या जाळीवर बसून मी पाव मैल जाणार होते. क्लच सोडल्यावर सगळा जोर जिथे बसतो, बरोबर तिथे. माझ्या पाठीमागे. जाळी सुटली असती तर मागची चाकं एकीकडे आणि मी कुंपणाकडे. त्याच कुंपणाकडे.

मी बाहेर आले. "फुटलीय," म्हटलं. "दोन भोकांच्या मधून."

"किती?" टिलरी म्हणाले.

किती! आग लागलीय म्हटलं तर हा माणूस विचारेल, कोणत्या मजल्याला.

वाळू

"हे बघ पोरी," टिलरी म्हणाले, "ऐंशी पौंड तसेही भरायचेच आहेत. हर्शेल, वाळूची पोती आण. डिकीत टाक, चाकांच्या वर. पकड चांगली बसेल. एक फेरी. फक्त एक. उद्या वेल्डिंग करू."

ऐका हे. महिनोन्महिने यांनी लोखंड काढलं. रात्रंदिवस चोरून, एकमेकांपासून लपवून, तोळ्यातोळ्याने. आणि आता त्याच जागी वाळू घालायची. चांगलं लोखंड काढायचं आणि वाळू घालायची!

"मी नाही पळवणार."

हे म्हणताना मला किती राग आला असेल याचा विचार करा. सहा वर्षं. आणि नाही कुणी म्हणायचं, तर मी. माझ्याच तोंडाने.

टिलरींनी खांदे उडवले. "मग काझ. काझ बसला तर वाळूसुद्धा नको. शंभर पौंडांनी जड आहे, परस्पर भागतंय."

मी काझकडे पाहिलं. तो मान हलवेल. हे लग्न आहे ना, तो मान हलवेल.

काझ हेल्मेटकडे पाहत होता. माझ्या हातातल्या.

"एकच तर फेरी आहे, रेना," तो म्हणाला. "शेवटची गाडी आहे गं ही."

"म्हणून शेवटची फेरी मारतोस?"

"काही होणार नाही. मी हळूच सोडीन क्लच."

"तू? हळूच? आयुष्यात एक गोष्ट हळूच केलीयस तू? सूप पितोस तर शेजारी जागे होतात!"

हर्शेल हसला. मी वळले, तसा थांबला.

डिकी

तोवर हर्शेलने पोती टाकली होती. दोन. डिकी उघडीच.

मी बंपरवर पाय दिला (रेलायचं नाही म्हणे!), डिकीत चढले, पोत्यांवर उभी राहिले आणि उडी मारली.

"रेना!"

ही कुंपणाची. उडी.

ही बटाट्यांची. उडी.

ही "तुमच्याच भल्यासाठी"ची. ही मंगळवारची. ही गुरुवारची. ही "पोरी"ची.

"खाली उतर, वेडी झालीस का?" टिलरी धावले, पण हात कुठे लावणार? पत्र्याला पोचा पडला असता.

ही एकच-फेरी-आहे-रेनाची.

कड्.

मोठा आवाज नव्हता. वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. गाडीचं डावं ढुंगण खाली बसलं आणि पुढचं दार आपणहून उघडलं, कुणी आत या म्हटल्यासारखं.

काट्यावरचा माणूस चालत आला. खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे, डिकीत उभी, चिखलाने काळी.

"एकशे अठरा पौंडांनी?" तो म्हणाला.

"एकशे अठरांनी," मी म्हटलं. "आणि पाव मैल न जाता."

त्याने खडू काढला आणि पुढच्या काचेवर मोठी फुली मारली. हर्शेल पोती उचलायला लागला, जणू तेवढंच काम राहिलं होतं. मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी ते माझ्या वजनातून वजा केलं असतं.

आहे

आमची जुनी स्टेशन वॅगन पलीकडे उभी होती. लांब, गंजकी, बैलासारखी. मागच्या सीटवर सॉसेजचा डबा, जिंकल्यावर खायचा. मी बसले. हीटर पूर्ण लावला. रेडिओ लावला, पोल्काची नाचाची धून चालू होती, तीच मोठ्याने.

काझने काचेवर टकटक केली. मी काच खाली केली नाही. तो बोलत होता, मला ओठ दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. सॉरी म्हणत असेल. किंवा वेल्डिंगचं.

मग तो दुसऱ्या बाजूने आत आला. बसला तशी वॅगन त्याच्या अंगाने कचकन खाली गेली.

थांबली. तोलून धरलं तिने.

त्याने डब्याकडे हात नेला. मी त्याच्या हातावर चापट मारली, जोरात, आणि गिअर टाकला.