फोटो बारकूचा, नाव माझं

आमच्या ठकीचं, माझ्या मुलीचं लग्न झालं ते साल १९९८, वैशाख महिना. मुलगा शेणव्याकडच्या वाडीतला. मांडव घालायचा होता, पाहुण्यांना सांगावे धाडायचे होते, म्हणून त्या आठवड्यात कारखान्यात माझी पाळी असूनही माझ्या जागी बारकू गेला. बारकू म्हणजे माझा धाकटा भाऊ. पुढचं सगळं त्या एका आठवड्यातून निघालं.

आमची वाडी धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून. कारखाना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी तारेचा. तार ओढण्याआधी लोखंडाची वेटोळी ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा, ते आमचं काम. पाच वर्षांपूर्वी धाकलू मुकादम धसईच्या बाजारात माणसं गोळा करायला आला तेव्हा म्हणाला होता, "घरटी एक माणूस द्या." आम्ही तो शब्द जसाच्या तसा घेतला. लावणीला आमच्यात असंच चालतं. तुझ्या घरचे दोन हात माझ्या शेतावर आले की माझ्या घरचे दोन तुझ्या शेतावर जातात. ते कोणाचे, हे कोणी विचारत नाही. मी थोरला, म्हणून वहीत नाव लागलं गोमा. कामाला मात्र दोन आठवडे बारकू जायचा आणि एक आठवडा मी. माझा गुडघा गाडीच्या चाकाखाली आलेला, रोज मला झेपत नव्हतं. ॲसिडच्या वाफेने घसा सगळ्यांचाच जळायचा, पण बारकूची छाती वाजायची. त्याच्या मोकळ्या आठवड्यात तो रानात फिरायचा, मध काढायचा, खेकडे धरायचा आणि खोकला बसायचा. असं आमचं बरं चाललं होतं.

धाकलूला सगळं ठाऊक होतं. हजेरी तोच मांडायचा आणि गोमापुढे रेघ मारायचा. टाकीवर माणूस उभा आहे, एवढ्यावर त्याचं समाधान.

त्या वैशाखात मालकाने पगाराचं काम कारखान्यातून काढून कल्याणच्या एका ऑफिसला दिलं. आता हजेरीवरून पगार ते काढणार, पी.एफ. ते भरणार, कर ते कापणार, सरकारला कागद ते पाठवणार. आमचा कारखाना मुरबाडला आणि आमचा पगार कल्याणला. त्या ऑफिसच्या अनिता मॅडम कागदांचा गठ्ठा आणि एक फोटोवाला घेऊन आल्या. नाव पुकारायचं, फोटो काढायचा, अंगठा घ्यायचा. "गोमा!" असं पुकारलं आणि बारकू नेहमीसारखा पुढे जाऊन बसला.

लग्न उरकून मी माझ्या पाळीला गेलो, तर वॉचमनने कार्ड मागितलं. बारकूने दिलेलं कार्ड मी पुढे केलं.

"हे तोंड तुझं हाय का?"

"नाव माझं हाय."

"नावाला मिशी नसते रे बाबा. फोटोला हाय. तुझी कुठं हाय?"

मागे रांगेतले हसले. मी बाजूला झालो. नाव माझं असूनही मला आत जाता येईना. भोंगा झाला, गेट लागलं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, मग एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेलो, मग परत गेटवर आलो. घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत धाकलू बाहेर आला.

"गपचिप ऱ्हा, गोमा," तो म्हणाला. "रोज बारकूला धाड. फोटो त्याचा, काम त्याचं. चाललंय तं चालू दे."

"आन नाव?"

"नाव कोन बघतं? नाव काय टाकीत उतरतं?"

पण नाव मी बघितलं होतं. तीन वर्षांपूर्वी वाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी वाचायला शिकलो. दरवर्षी पी.एफ.ची चिठ्ठी यायची ती वाचायचो. तिच्यावर गोमा आणि माझ्या माघारी हक्क कोणाचा तिथे सावळी, माझी बायको. बारकू कुठेच नाही. घाम दोन वाटे त्याचा आणि कागदावर तो जन्मालाच आलेला नाही. आता तर सगळेच आठवडे त्याचे होणार होते. त्याला काही झालं तर त्याच्या बायकोला, लहानीला काय? हे डोक्यात शिरलं आणि मला कुठे बूड टेकवेना.

घरी मी बोललो तर बारकू हसला. "दादा, आपला तवा एक हाय ना? मंग तुझं नाव काय आन माझं काय? तू वाचाया काय शिकलास, निस्ता डोक्याला किडा लावून घेतलास."

लहानी चुलीपाशी होती. मोठ्या दिराशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही. ती सावळीला म्हणाली, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बाई, तुमच्या भावजींचा तवा एक हाय खरा. पन तवा मोडला तं तुकडं किती होतील ते कागद बघनाराला इचारा."

सावळी हंडा उचलून पाण्याला गेली. हक्काच्या रकान्यात तिचंच नाव होतं.

दोन दिवसांनी मी कल्याणला गेलो. एका अरुंद जिन्यावर ते ऑफिस. छतापर्यंत फायली, दोन कॉम्प्युटर आणि चारपाच मुली. कितीतरी कारखान्यांची माणसं तिथे कागद होऊन पडलेली. अनिता मॅडम मूळच्या वाशिंदच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मी कार्ड पुढे ठेवलं आणि जे होतं ते सांगून टाकलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, पाच वर्षं? एका नावावर दोघं?"

"घरटी एक माणूस सांगितला होता, मॅडम. दोघं एकदम कदी गेलोच नाय."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग दार लोटून घेऊन हळू बोलल्या. "हे मी ऐकलेलं नाही. मालकाला कळलं तर दोघंही बाहेर. आता दोनच रस्ते आहेत. कार्डावरचा फोटो बदलू, नाहीतर नाव. फोटो बदलला तर तुम्ही कामावर, रोज. तुमची पाच वर्षं झालीत. दहा भरली की अठ्ठावन्नला पेन्शन चालू होईल."

"आन नाव बदललं तं?"

"तुम्ही राजीनामा द्यायचा, भाऊ नवीन लागला असं दाखवायचं. तुमचे साठलेले पैसे मिळतील, पेन्शन विसरायची. भावाचं पहिल्यापासून सुरू. पण एक आहे. नोकरीत असताना त्याचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या बायकोला पेन्शन लागते. एक महिना जरी भरला असेल तरी."

"आन पाळी? एक आठवडा मी, दोन तो?"

"काका, ते आता विसरा. कार्डावर असेल तोच आत जाईल."

मी जरा बाहेर जाऊन येतो म्हणालो. जिना उतरलो, टपरीवर चहा सांगितला आणि न पिताच परत वर आलो. पुन्हा खाली गेलो. टाकीवर रोज उभं कोण राहणार, एवढाच सवाल होता. मी राहिलो तर बारकूची छाती वाचत होती आणि माझा गुडघा जात होता. तो राहिला तर त्याचे कष्ट त्याच्या नावावर लागत होते, लहानीचं नाव कागदावर येत होतं. न्याय कुठे आहे ते दिसत होतं. त्या न्यायात माझा गुडघाही सुटत होता, हेही दिसत होतं. तिसऱ्यांदा वर गेलो तेव्हा अनिता मॅडमनी कागद तयार ठेवला होता.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

"नाव बदला," मी म्हणालो आणि राजीनाम्यावर सही केली.

मी घरी येऊन हे सांगितलं, तसा बारकू दोन दिवस रानातच राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला न इचारता तू मला नोकरी लावलीस, दादा. आता मध कोन काढील?"

"सुट्टीच्या दिशी काढ."

"माशा सुट्टी बघून बसत्यात का?"

लहानीने मात्र बारकूच्या नावाचं कार्ड आलं तेव्हा ते हळद-कुंकू लावून देवापाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनला त्याच्यावर पिवळा डाग दिसला, त्यावरूनही कारखान्यात चेष्टा झाली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात बारकूचा खोकला बसेना. मी धाकलूला म्हटलं, "पंधरा दिवस मी उभा ऱ्हातो."

"कल्याणला इचार," तो म्हणाला. "आता माज्या हातात रेघ बी नाय." खोटं नव्हतं ते. हजेरी आता कार्डावरून परस्पर जात होती.

मी अनिता मॅडमना फोन केला. टाकीवरून दुसरीकडे बदली मिळेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, काम कुठलं द्यायचं ते मालक ठरवतो, आम्ही फक्त पगार बघतो. मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, माणसांचं सगळं कल्याणला दिलंय. पुढची तीन वर्षं मी मुरबाड आणि कल्याणमध्ये हेलपाटे घालत राहिलो. दोन्हीकडे लोक नीट बोलायचे, खुर्ची द्यायचे.

बारकूला मी म्हटलं, "सोड काम."

"आता सोडू? चार वर्सं भरली, दादा. तूच म्हनलास ना, धा भरली की पेन्शन." आणि तो हसला, खोकला, परत हसला.

त्याने काम सोडलं नाही. शेवटचे आठ दिवस तो रजेवर होता, म्हणजे कागदावर नोकरीतच. रजेचा अर्ज मीच लिहिला होता. लहानीला पेन्शन लागली. पहिली रक्कम आली त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. "भावजी," ती म्हणाली, "तुमी कागद बराबर केलात." तिने ते कसं म्हटलं हे मला अजून उमगलेलं नाही. त्या दिवसापासून मी एका जागी फार वेळ बसत नाही.

माझा भाऊ बारकू १४ डिसेंबर २००३ रोजी, रविवारी, सुट्टीच्या दिवशी वारला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.